पावसाळी गटारात जानेवारीत पाणी कुठून येतं? नवी मुंबईत नाला-फेरी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की नवी मुंबईतल्या पावसाळी गटारांचं काम संपतं. निदान कागदावर तरी. आपल्याकडे सांडपाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाच्या पाण्याच्या वेगळ्या. सिडकोने शहर आखतानाच तसं ठरवलं. म्हणजे शेवटचा पाऊस पडून दोन महिने झाले की पावसाळी नाला कोरडा ठणठणीत दिसायला हवा. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी घराजवळच्या नाल्याच्या पुलावर उभे राहा आणि खाली पाहा. पाणी वाहतंय? मग ते पावसाचं नाही. ते कुणाचं आहे, हे शोधत पारसिकच्या डोंगरापासून खाडीपर्यंत चालत जायचं, याला आम्ही दोन-चार जण नाला-फेरी म्हणतो. कार्तिकापासून माघापर्यंत हाच हंगाम. फाल्गुन लागला की वास सहन होत नाही.

नवी माणसं येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आत कधी शिरायचं?" हेडलॅम्प लावून बोगद्यासारख्या गटारांतून फिरणाऱ्या परदेशी लोकांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. म्हणून साहित्याच्या यादीआधी हा विषय संपवून टाकू.

आत शिरायचं नाही, आणि का नाही

बंदिस्त गटार, रस्त्याखालची मोरी, चेंबर, मॅनहोल यांपैकी कशातही आपण उतरत नाही. झाकण उचलत नाही. दोन मिनिटांसाठी नाही, फोटोसाठी नाही, आतून मांजराच्या पिलाचा आवाज आला तरी नाही (तेव्हा १०१ लावायचा, अग्निशमन दल येतं).

कारण हवा. पावसाळी गटारात कुणाचं तरी सांडपाणी जोडलेलं असलं की तळाशी काळा गाळ साठतो, तो हवेविना कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतात. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताशी जमतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असलं तर एक ठिणगी पुरते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. तो खाली, गुडघ्याच्या उंचीवर दबा धरून बसतो, आणि गाळात पाय पडला की एकदम उसळतो. म्हणजे गटाराच्या तोंडाशी हवा चांगली होती, दहा पावलं आत गेलं तरी चांगली होती, आणि अकराव्या पावलाला गाळ ढवळला गेला.

सडक्या अंड्याचा वास आला की बाहेर पडू, असं म्हणणारे बरेच भेटतात. हा वायू नाक फसवतो. अगदी थोडा असताना वास तीव्र येतो, पण १०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो, आणि नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो. ५०० पीपीएमच्या वर तर उलट फिरून चालायलाही वेळ मिळत नाही. करोनाकाळात घेतलेला एन-९५ मास्क इथे रुमालाइतकाच उपयोगी, कारण तो धूळ अडवतो, वायू नाही.

चार वायू मोजणारं यंत्र बाजारात मिळतं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेला की ते साधारणपणे ओरडायला लागतं. पण ते विकत घेतलं म्हणजे आत जायचा परवाना मिळाला असं नाही. ज्यांना कामासाठी आत उतरावं लागतं त्यांच्यासाठी यंत्रासोबत ब्लोअर लागतो, अंगात हार्नेस लागतो, वर तिवई आणि ओढून काढणारी माणसं लागतात. हे सगळं असूनही तो धोक्याचाच उद्योग. आणि ज्यांना यातलं काहीच न देता उतरवलं जातं, त्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तसं उतरवणं गुन्हा आहे, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. ज्या जागी पोटासाठी उतरलेली माणसं मरतात तिथे हौसेखातर जायचं, हे मला तरी पटत नाही.

त्या बातम्यांतली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याचदा मेलेला माणूस एकटा नसतो. पहिला कोसळला म्हणून दुसरा धावतो, दुसऱ्यासाठी तिसरा.

मग पाहायचं काय?

खूप काही. नवी मुंबईचं पावसाळी जाळं बरंचसं उघडं आहे, हे आपलं नशीब. शहर पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाडी यांच्यामधल्या पट्टीवर वसलंय. मोठे रस्ते आणि रेल्वे उत्तर-दक्षिण धावतात; पाणी मात्र पूर्व-पश्चिम. त्यामुळे प्रत्येक नाला वाटेत ठाणे-बेलापूर रस्ता किंवा महामार्ग, मग रेल्वे, मग दक्षिणेकडच्या भागात पाम बीच रस्ता असा एकेक अडथळा मोरीतून पार करतो आणि पलीकडे पुन्हा उजेडात येतो. आपण काठाने चालायचं, मोरी आली की वर चढून सिग्नलवरून रस्ता ओलांडायचा, पलीकडे तोच नाला पुन्हा गाठायचा. रेल्वे रूळ ओलांडायचे नाहीत. स्टेशनचा भुयारी मार्ग किंवा पूल कितीही लांब असला तरी तिथूनच जायचं.

शेवटी येतो धारण तलाव, ज्याला इथे सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. शहराचा बराच भाग खाडीवर भराव घालून केलेला. मोठ्या भरतीला खाडीची पातळी गटारांपेक्षा वर जाते, मग पावसाचं पाणी बाहेर पडणार कसं? समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या डच लोकांची युक्ती इथे वापरली आहे. नाल्याचं पाणी आधी तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये बिजागरीवर टांगलेली झडप असते, फ्लॅप गेट. भरतीत खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि झडप बंद होते. ओहोटीला आतलं पाणी वरचढ होतं आणि ती आपोआप उघडते. ना मोटर, ना वॉचमन. झडपेत प्लास्टिक अडकलं किंवा ती गंजली की मात्र खाडी उलटी आत येते. शिवाय तलाव गाळाने उथळ झालेत, त्यांत खारफुटी उगवली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढणं वर्षानुवर्षं रखडलं. पावसाळ्यात तुमच्या सेक्टरात पाणी का तुंबतं, याचं अर्धं उत्तर या झडपांपाशी आहे.

तिथी पाहून निघा

नवखा माणूस हवामान पाहतो, भरती पाहत नाही. इथे उलट करायचं. (हवामानही पाहाच. ओखी वादळाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-ठाण्याला भिजवलं होतं. आकाश भरून आलं असेल तर फेरी रद्द. डोंगरावर पडलेला पाऊस खालच्या काँक्रीटच्या नाल्यात फार लवकर पोचतो.)

भरतीचे तक्ते फोनवर मिळतात, पण किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊला. खाडीत आत हे सगळं समुद्रापेक्षा थोडं उशिरा होतं, तेव्हा साडेनऊ-दहा धरा. म्हणून संकष्टी किंवा विनायकी चतुर्थीच्या जवळचा रविवार आमच्या आवडीचा. सात-साडेसातला डोंगराच्या पायथ्याशी सुरुवात, पाणी उतरत असताना आपणही उतरत जायचं, आणि ओहोटीला झडपेपाशी. उपवास असणाऱ्यांची थोडी कुरकुर होते.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. उधाणाच्या दिवशी खाडीकाठच्या चिखलात अजिबात उतरू नका, पाणी चालत्या माणसाच्या वेगाने पसरत येतं. ओहोटी होऊन तासभर झाला की खालच्या टप्प्यातून निघायचं, मग काही पाहायचं राहिलं असलं तरी.

साहित्य

पायापासून सुरुवात करू, कारण बहुतेक दुखापती तिथेच होतात. गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट घ्या, जाड तळाचे, शेतीच्या अवजारांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसे. आत लांब सुती मोजे, नाहीतर पोटरीची साल निघते. स्पोर्ट्स शूज नकोत. मी पहिल्या हिवाळ्यात तेच घालून गेलो, काँक्रीटच्या उतारावरच्या शेवाळावरून घसरलो आणि नडगी सोलवटून घेतली. जखम बोटभर होती; पण ती घाण पाण्यात बुडाली होती, त्यामुळे पुढचे दहा दिवस दर शिंकेला मी घाबरत होतो. गमबुटाची एक मर्यादाही सांगतो. पाणी बुटाच्या कडेवरून आत गेलं की एकेक पाय बादलीसारखा जड होतो. तेव्हा पाणी घोट्याच्या वर असेल तिथे पाऊल टाकायचंच नाही. बूट शिंतोडे आणि चिखल यांसाठी आहेत, पाण्यातून चालण्यासाठी नाहीत.

दुसरी महत्त्वाची वस्तू फुकटची: बांबूची काठी, खांद्याइतकी उंच. पुढची जमीन आधी काठीने चाचपायची, मग पाऊल. पालापाचोळ्याखाली उघडं चेंबर असू शकतं. झाकणं चोरीला जातात, आणि फुटपाथच्या फरशीचा एक तुकडा तिरका टाकून जागा झाकलेली असते. काठी गवतात आपटत चाललं की सापही वाट सोडतात. हिवाळ्यात थंडीमुळे ते सकाळी उन्हाला येऊन बसतात, नेमकं आपल्या फेरीच्या वेळी आणि नेमकं काँक्रीटच्या काठावर. दिवड आणि धामण बिनविषारी, पण घोणसही याच भागात असते आणि ती पटकन हलत नाही. ओळख पटवत बसू नका, दोन काठ्यांचं अंतर ठेवून वळसा घाला. चावलाच तर आवळपट्टी नको, चीर नको, मंत्र नको; तो भाग न हलवता सरळ मोठं सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय.

बाकीचं एका श्वासात सांगतो: जाड रबरी हातमोजे, लांब बाह्यांचा जुना शर्ट, फुल पँट, टोपी, दिवसाही डोक्याची बॅटरी (मोरीच्या तोंडात बाहेरून उजेड टाकायला), शिट्टी, पंधरा मीटर दोर, जंतुनाशक, जलरोधक पट्ट्या, साबणाची वडी, हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली आणि प्यायला वेगळी. दोन्हींवर मोठी खूण करा. ओडोमॉस विसरलात तर नवी मुंबईचे डास आठवण करून देतील. कोरडे मोजे आणि चपला प्लास्टिकच्या पिशवीत. फोन गळ्यात दोरीने अडकवलेला, कारण नाल्यात वाकून फोटो काढताना पडलेला फोन काढायला जाणं हीच लोकांची सर्वांत मोठी चूक. पडला तर गेला. ड्रोन घरी ठेवा. आता विमानतळ सुरू झालाय आणि विनापरवाना ड्रोन दिसला तर तुमच्या कुतूहलाची गोष्ट ऐकायला कुणी बसणार नाही. ओळखपत्र मात्र खिशात असू द्या. काठाकाठाने हातमोजे घालून हिंडणाऱ्या तीन माणसांना सोसायटीचे वॉचमन हटकतातच, आणि ते बरोबरच आहे.

ज्यांच्या अंगावर उघडी जखम आहे त्यांनी त्या आठवड्यात येऊ नये. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं आहे ना, ते पाहा. नेहमी यायचं ठरवलंत तर टायफॉइड आणि कावीळ-ए यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी नाला नकोच. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला जा, तो शहराचा लाडका जॉगिंग ट्रॅक धारण तलावाभोवतीच आहे. किंवा वाशीच्या मिनी सीशोअरला. एकाच दिवशी दोनदा जा, भरतीला आणि ओहोटीला, आणि पाण्याची रेघ भिंतीवर कुठे होती ते टिपा. साध्या बुटांत, चहा पीत होण्यासारखं काम. रोज तिथे चालणाऱ्या कित्येकांना हा तलाव शोभेसाठी नाही हे ठाऊक नसतं, आणि गंमत म्हणजे सांगितलं तरी पटत नाही.

दुसरी फेरी बेलापूरला करा, आर्टिस्ट व्हिलेजच्या मागच्या डोंगराच्या बाजूने. तिथे डोंगर आणि वस्ती यांच्यामध्ये कारखाने नाहीत, त्यामुळे ओढा शहरात शिरण्याआधी कसा असतो ते दिसतं. उत्तरेला, तुर्भे-कोपरखैरणेच्या बाजूला, डोंगरातून उतरलेलं पाणी आधी टीटीसीच्या (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातून जातं आणि मग वस्तीत येतं. हे नाले तिसऱ्या-चौथ्या फेरीसाठी ठेवा, आणि तिथे पाण्याला हातमोजे घालूनही हात लावू नका.

कमीत कमी तिघं असा. एकाने नेहमी काठाच्या वर राहायचं, खाली उतरायचं नाही. दोर आणि फोन त्याच्याकडे. घरी कुणाला तरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवा. लहान मुलांना तलावापर्यंतच आणा.

मोरीच्या तोंडासमोर उभं राहताना सरळ समोर नको, बाजूला आणि दोन मीटर लांब. बॅटरी मारा, पाहा, टिपा, पुढे चला.

पाणी कुणाचं ते ओळखणं

यात खरी मजा आहे. कोरड्या ऋतूत नाल्यात चार प्रकारचं पाणी सापडतं. डोंगराचा झिरपा: पातळ, निवळ, बिनवासाचा, आणि जसजसा माघ जवळ येतो तसतसा आटत जाणारा. खाडीचं पाणी: ते खालच्या टप्प्यात, आणि दिशा बदलणारं. वाळलेलं पान टाकून पाहा, भरतीच्या वेळी पान डोंगराकडे चालायला लागलं तर झडप नीट मिटत नाहीये. घरांचं सांडपाणी: राखाडी, साबणाचा फेस, तळाला काळा गाळ आणि दगडांवर पांढुरकी लोकरीसारखी वाढ. त्याचं घड्याळ माणसांसारखं असतं, सकाळी सात ते दहा जोर, दुपारी मंद, रात्री पुन्हा जोर. चौथं कारखान्यांचं: विचित्र रंग, रसायनाचा वास, हात न लावता वाफ दिसली तर कोमट. त्याला सकाळ-संध्याकाळ नसते, कधीही येतं, आणि बऱ्याचदा अंधारात.

एकाच पाण्यात दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. मग मोरीगणिक तपासायचं: वरच्या मोरीशी निवळ, खालच्या मोरीशी फेसाळ, म्हणजे जोड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. काठाच्या भिंतीतून बाहेर आलेले पाइप मोजा. थंडीत जो पाइप ओला आहे तो संशयित.

वहीत तारीख, वेळ, तिथी, जवळचा खांब किंवा सेक्टर, पाण्याचा रंग आणि फोटोचा क्रमांक लिहा. "नाल्याला घाण वास येतो" या तक्रारीला काही अर्थ नसतो. "तीन रविवार, सकाळी आठ वाजता, अमुक पुलाच्या पूर्वेला डाव्या भिंतीतला दुसरा पाइप" अशी तक्रार महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात नोंदवली तर निदान कुणीतरी पाहायला येतं. कारखान्याचं पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. स्वतः पाइप बुजवायला जाऊ नका आणि दारं ठोठावत भांडायला तर अजिबात नको.

काही घडलंच तर

खाडीच्या चिखलात पाय रुतला तर जोर लावून उपसू नका, दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे रेलून बसा, वजन पसरवा, काठी आडवी टाका, पाय हळूहळू वळवत मोकळा करा. बूट राहिला तर राहू द्या. माझा एक डावा बूट अजून तिथेच आहे. खारफुटीच्या आत मात्र शिरूच नका, ते संरक्षित वन आहे, आणि तिथून माणूस काढणं फार अवघड जातं. थंडीत आलेले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे असतील तर ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे.

कुणी चेंबरमध्ये किंवा मोरीत पडलं तर वरच्या माणसाने ११२ किंवा १०१ लावायचा, आत वायू असू शकतो हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, दोर टाकायचा, हाक मारत राहायचं. हाकेला ओ येत नसेल तरीही कुणी मागोमाग उतरायचं नाही. हे फेरीला निघण्याआधी तिघांनी एकमेकांकडून कबूल करून घ्या, कारण त्या क्षणी माणूस विचार करत नाही.

घरी आल्यावर

बूट दाराबाहेर काढा. कपडे वेगळ्या बादलीत, बूट-काठी साबणाने धुवून उन्हात. अंघोळ झाल्याशिवाय चहाचा कप हातात घेऊ नका. पायांवर बारीक ओरखडे नाहीत ना, ते उजेडात नीट पाहा.

उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, आणि आपल्याकडे तो पावसाळ्याचा आजार समजला जातो. पण उंदीर नाल्यात बाराही महिने असतात. फेरीनंतर साधारण दोन दिवसांपासून महिन्याभरात कधीही ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे जाऊन आधी सांगायचं, "मी अमुक तारखेला नाल्याच्या पाण्याजवळ होतो." डिसेंबरात डॉक्टर आपणहून ते विचारतीलच असं नाही. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. ज्या कॅलेंडरवर तिथी पाहून निघालात त्याच पानावर फेरीच्या तारखेला गोल करून ठेवा, म्हणजे तापाचा दिवस मोजता येतो. आमच्याकडे त्या गोलाशेजारी दूधवाल्याच्या खाड्यांच्या खुणाही असतात, आणि त्यामुळे एकदा बायकोने माझ्या फेरीचे पैसे दुधाच्या बिलातून वजा केले होते.